हॅन्स अँडरसन आणि बदकाचं वेगळं पिल्लू

हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी डेन्मार्कमधील ओडेन्स या गावी झाला. हाच दिवस १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. वडील जोडे शिवायचे, आई लोकांचे कपडे धुवायची. घरात पैसा नव्हता, पण वडिलांना वाचनाचं वेड होतं. ते मुलाला अरबी सुरस कथा वाचून दाखवत. त्यांनी त्याला बाहुल्यांचं छोटं नाट्यगृहही करून दिलं होतं. हॅन्स तासन्‌तास चिंध्यांचे कपडे शिवत बसायचा आणि बाहुल्यांना बोलायला लावायचा. खेळघराचा कोपरा म्हणतो ना आपण, तो त्याला घरातच मिळाला होता!

शाळेत मात्र सूर जुळला नाही. मुलाला मारायचं नाही, असं आईने बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. तरी एक दिवस छडी बसली. हॅन्सने पुस्तक उचललं आणि सरळ घरी निघून आला. आईने त्याला दुसऱ्या शाळेत घातलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या धोबिणीचं मला फार कौतुक वाटतं.

१८१६ मध्ये वडील गेले. १८१९ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी हॅन्स एकटाच कोपनहेगनला गेला. त्याला नाटकात काम करायचं होतं. उंच, हडकुळा, मोठ्या नाकाचा हा मुलगा, लोक त्याला हसायचे. आवाज चांगला होता, तोही वयात येताना फुटला. शेवटी नाट्यगृहाचे एक संचालक योनास कॉलिन यांनी त्याला सरकारी मदतीवर स्लॅगेल्स गावच्या शाळेत पाठवलं. तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि वर्गात सोबतीला ११-१२ वर्षांची मुलं! मुख्याध्यापक मायस्लिंग सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करत. कविता-बिविता लिहायची नाही, अशी तंबीच होती. पुढे मायस्लिंग यांची बदली हेलसिंगोरला झाली, तेव्हा हॅन्सलाही सोबत जावं लागलं आणि राहायलाही त्यांच्याच घरी. १८२७ मध्ये कॉलिन यांनी त्याला तिथून सोडवलं. शाळेची ती वर्षं अँडरसन म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत. त्यांच्या स्वप्नांतही मायस्लिंग यायचे.

१८३५ मध्ये त्यांच्या परीकथांची पहिली पुस्तिका निघाली. पुढे दीडशेहून जास्त कथा झाल्या. त्यातली बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट १८४३ ची. आपल्याकडे ती गदिमांच्या गाण्यामुळे घरोघरी माहीत आहे. गाणं तळ्याकाठीच संपतं, मूळ गोष्टीतलं पिल्लू मात्र घर सोडून हिवाळाभर भटकतं. बालवर्गात घ्यायला खरी मजा त्या भटकंतीत आहे.

मूळ गोष्टीत पिल्लू एका म्हातारीच्या झोपडीत पोचतं. तिथे एक कोंबडी आणि एक मांजर असतं. कोंबडी विचारते, अंडी घालता येतात का? मांजर विचारतं, अंग फुगवून गुरगुरता येतं का? दोन्ही येत नाही, म्हणजे तुला काहीच येत नाही, असा निकाल लागतो. पिल्लाला पोहता येतं, पण ते कुणी विचारतच नाही. मला तर इथे मायस्लिंग यांची शाळाच दिसते. आणि खरं सांगायचं तर, पहिलीच्या प्रवेशाआधी अंक-अक्षरं येतात का एवढंच विचारणारे आपणही दिसतो.

म्हणून हा प्रसंग मी सावकाश घेते. एक मूल कोंबडी होतं, एक मांजर. बाकीची मुलं एकेक करून येतात आणि आपल्याला काय येतं ते करून दाखवतात. कुणी लंगडी घालतं, कुणी शिट्टी वाजवतं, कुणी नुसतं तोंड वाकडं करून दाखवतं. सगळं चालतं. त्याआधी निळी ओढणी जमिनीवर पसरून तळं करायचं. बदकआई पिल्लांना पाण्यात नेते तेव्हा हे वेगळं पिल्लूही छान पोहतं, तो भाग सगळ्यांनी मिळून करायचा. बर्फात गोठण्याचा प्रसंग लहानांसाठी एका वाक्यात उरकावा.

एक गोष्ट मात्र मी पाळते. वेगळं पिल्लू कुठल्याही मुलाला करत नाही. करड्या मोज्याची बाहुली करते आणि ती माझ्या हातात असते. अंगणातली बदकं त्याला टोचतात, हाकलतात, तेव्हा पुढे मूल उभं असलं तर तो खेळ मधल्या सुट्टीतही चालू राहतो. नाव चिकटायला एक दिवस पुरतो, निघायला वर्ष जातं. काळी, जाडा, चष्मिष हे शब्द मुलं घरातूनच ऐकून येतात, पालकांनो. कुरूप हा शब्द मी गोष्टीतून काढत नाही, पण तो अंगणातल्या बदकांच्याच तोंडी ठेवते, माझ्या नाही.

१८६७ मध्ये ओडेन्सने अँडरसन यांना सन्माननीय नागरिक केलं, गावभर दिवे लावले. ४ ऑगस्ट १८७५ रोजी ते वारले.

त्यांचा एक छंद आपल्या फार कामाचा आहे. गोष्ट सांगता सांगता ते मोठ्या कात्रीने घडी घातलेला कागद कापत राहायचे. गोष्ट संपली की घडी उलगडायची आणि आतून हंस, नर्तकी, महाल निघायचे. अशी शेकडो कातरकामं आजही जपलेली आहेत. आपल्याला एवढं कौशल्य नको. कागदाची एकच घडी घालायची, घडीकडे तोंड करून, घडीला टेकलेला एक पूर्ण हंस आधीच पेन्सिलीने काढून ठेवायचा आणि पिल्लू तळ्यात स्वतःचं प्रतिबिंब बघतं तिथे कापायला सुरुवात करायची. घडीची कड थोडी न कापता ठेवली की उलगडल्यावर दोन हंस समोरासमोर, जोडलेले मिळतात. मोठ्या गटाला बोथट टोकाच्या कात्र्या द्याव्यात. तीन-चार वर्षांच्या मुलांना जुना वर्तमानपत्राचा कागद हाताने फाडू द्यावा, त्यांची पिसं तयार होतात.