वडिलांचे अपुरे काम

आमच्या नाशिकला दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’ संस्था आहे. तिथे भूकंपाच्या नोंदी होतात. पेठ-सुरगाण्याकडे जमीन हादरली की वर्तमानपत्रात बातमी येते आणि ती मी वडिलांना वाचून दाखवतो. वडील विहिरी खोदतात. शाळेची पायरी ते चढले नाहीत. जमिनीच्या पोटातले यांना वर बसून कसे कळते, असे त्यांनी एकदा विचारले. मला सांगता आले नाही. उत्तर शोधता शोधता रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांचे चरित्र हाती लागले.

ओल्डहॅम १८५८ साली डब्लिनला जन्मले. वडील थॉमस हे भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते. १८६९ च्या काचार भूकंपावरचे त्यांचे काम अपुरे राहिले आणि १८७८ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी मुलगा त्याच खात्यात रुजू झाला. वडिलांच्या कागदांवरून तो अहवाल त्याने १८८२ मध्ये प्रसिद्ध केला.

१२ जून १८९७ रोजी आसामात महाभयंकर भूकंप झाला. सुमारे दीड हजार माणसे दगावली. ओल्डहॅमनी तो मुलूख पाहिला. चेडरांग नदीच्या खोऱ्यात खडक तुटून एक बाजू ३५ फुटांपर्यंत वर सरकली होती. प्रवाहात नवे धबधबे आणि डोह तयार झाले होते. खडकातल्या अशा तुटीला भ्रंश म्हणतात. याच भूकंपाचे धक्के दूर इटलीतल्या यंत्रांनीही टिपले होते. त्या नोंदींवरून त्यांनी भूकंपाच्या तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. १९०३ मध्ये ते निवृत्त झाले, पण काम थांबले नाही. पृथ्वीच्या मध्याजवळून येणाऱ्या लहरींना उशीर लागतो, म्हणजे आत निराळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे, हे त्यांनी १९०६ मध्ये दाखवून दिले. हा गाभा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो, असे आजचे शास्त्र सांगते. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे सारे मी वडिलांना सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. पहारीचा ठोका मारला की आवाजावरून खाली पाषाण आहे की भेग, हे त्यांनाही कळते. मी मात्र गप्प झालो. ओल्डहॅमना वडिलांचे कागद तरी मिळाले होते. माझ्या वडिलांचे चाळीस वर्षांचे ज्ञान कोणत्याच कागदावर नाही. या सुटीत मी वही घेऊन त्यांच्याबरोबर विहिरीवर जाणार आहे.