लक्ष्मणरावांचा नांगर

माणसाजवळ असावे असे सर्वांत उपयोगी अवजार कोणते? आम्ही बेळगावकर तरी नांगराचेच नाव घेऊ, कारण लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले. १८६९ साली गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत हे ध्यानात येताच यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावी आले. आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर!

लाकडी नांगर माती नुसती उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर पलटतो. पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातच नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले.

तो कारखाना बेळगावातच राहिला असता तर, ही रुखरुख आम्हाला अजून आहे.