मळ्यात पंढरी पाहणारे सावता महाराज

आषाढी एकादशी जवळ आली की महाराष्ट्रातील संतांच्या पालख्या पंढरीची वाट चालू लागतात. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे गाव मात्र त्याला अपवाद आहे. संत सावता माळी यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवासाठी पंढरपूरहून विठ्ठलाचीच पालखी तेथे येते. देवाने भक्ताच्या घरी जावे, असे या माळ्याने काय केले होते?

सावतोबांचा जन्म 1250 चा मानला जातो. वडील परसोबा, आई नांगिताबाई. आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी, त्यामुळे भक्तीचा वारसा घरातलाच. पुढे भेंड गावच्या जनाबाईंशी विवाह झाला. संसार आणि मळा एवढेच त्यांचे जग. पंढरपूर काही फार लांब नव्हते. तरीही ते वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते.

ही उदासीनता नव्हती. भाजीचा मळा धन्याला उसंत देत नाही. मोट थांबली की वाफे सुकतात, रोपे माना टाकतात. जे आपल्यावर सोपवले आहे, ते सोडून देवाला शोधायला जाणे त्यांना मानवले नाही. नांगरणे, खुरपणे, पाणी देणे यांतच त्यांनी पूजा पाहिली. कांदा, मुळा, मिरची, कोथिंबीर या साध्या पिकांत त्यांना आपला विठ्ठल भेटला, आणि हेच शब्द त्यांनी निःसंकोचपणे अभंगांत आणले. काशिबा गुरव यांनी हे अभंग लिहून ठेवले, असे म्हणतात. आज त्यांपैकी अवघे 37 उपलब्ध आहेत.

देव नामदेवांची नजर चुकवून सावतोबांच्या मळ्यात आला आणि त्यांनी खुरप्याने छाती चिरून त्याला हृदयात दडविले, अशी आख्यायिका आहे. तिचा भावार्थ स्पष्ट आहे: ज्या खुरप्याने तण निघते, त्याच खुरप्याने देवासाठी जागा होते.

1295 मध्ये, वयाच्या अवघ्या 45 व्या वर्षी, अरण येथेच त्यांनी देह ठेवला. त्यांनी संसार सोडला नाही, व्यवसाय सोडला नाही, आणि तरीही जीवनात काही उणे राहिले, असे त्यांना वाटले नाही. आपले रोजचे काम क्षुद्र समजून समाधान दुसरीकडे शोधणाऱ्या प्रत्येकाने अरणच्या या मळ्याकडे एकदा पाहावे.