नाइटिंगेलबाई आणि घरातली ताई

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला क्रिमियन युद्ध आणि हातातला दिवा आठवतो. बाईंचा जन्म १२ मे १८२० चा. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावे परिचारिकांची शाळा निघाली, हेही ठाऊक असते.

मला मोठे वाटते ते १८६१ चे काम. शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकाची त्यांनी कष्टकरी घरांसाठी आवृत्ती काढली आणि बाळ सांभाळण्यावर एक प्रकरण नव्याने घातले. ते होते धाकटे भावंड कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींसाठी! मोकळी हवा, पण अंगाला ऊब, स्वच्छता, वेळेवर, योग्य ते खाणे, आणि बाळाला दचकवायचे नाही. मोठ्यांना जे बाधते तेच लहानांना बाधते, फक्त फार लवकर आणि जास्त, हे त्यांनी बजावले.

रात्र कशी गेली, असे मोघम विचारू नये; झोप किती तास आणि केव्हा लागली ते विचारावे, हा त्यांचा आग्रह. आम्ही बँकवाले खात्यात ‘बरीच शिल्लक’ असे कधी लिहीत नाही, म्हणून हे मला फार पटले. नातवाच्या तापात सूनबाईंनी वेळ आणि ताप वहीत टिपला होता. डॉक्टरांनी आधी तीच पाहिली.

स्वतः बाई पुढे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या होत्या. लिहिणे मात्र सुरूच होते. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या लंडनमध्ये वारल्या.