सुभेदाराच्या पेन्शनीपासून कलम ४१ पर्यंत : निराधारांच्या हक्कामागचे बाबासाहेब

महिन्याला तालुक्याच्या बँकेपुढं एक रांग लागते. हातात पासबुक घेतलेली म्हातारी माणसं, विधवा बाया, कुबडी टेकत आलेला एखादा अपंग. संजय गांधी निराधारचे पैसे पडले का, श्रावणबाळचे आले का, एवढीच विचारणा असते. रांगेत उभं राहिलेल्यांना बऱ्याचदा वाटतं की आपण सरकारचे उपकार घेतोय. कुणीतरी तसं बोलूनही दाखवतं.

पण हा पैसा उपकाराचा नाही. म्हातारपणी, आजारपणात, अपंगत्व आल्यावर सरकारनं हात द्यावा, असं राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये लिहिलंय. ज्या मसुदा समितीनं ही घटना तयार केली तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेब म्हटलं की चवदार तळं आठवतं, घटना आठवते. बाळंतिणीच्या भत्त्यासाठी, मजुराच्या विम्यासाठी झटलेले बाबासाहेब मात्र आपल्याला तितके माहीत नसतात.

पेन्शनीवर चाललेलं घर

बाबासाहेबांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. आई भीमाबाई आणि वडील रामजी सकपाळ यांचं हे चौदावं अपत्य. रामजी लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. भीमराव लहान असतानाच ते निवृत्त झाले आणि पेन्शन घेऊन कुटुंबासह आधी दापोलीला, मग साताऱ्याला आले.

त्याच सुमारास सरकारनं लष्करातली महारांची भरती बंद केली. म्हणजे ज्या नोकरीमुळं अनेक घरांत पगार, शिक्षण आणि म्हातारपणी पेन्शन येत होती, ती वाटच पुढच्या पिढीला बंद झाली. रामजींच्या घरात पेन्शन होती, म्हणून पोरांच्या हातात पुस्तकं राहिली.

साताऱ्यात आई वारली. पोरं आत्याच्या आधारानं वाढू लागली. रामजींनी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपालाची नोकरी धरली. तिथं दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तलाव खोदत होतं. १९०१ च्या सुमारास भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, पण जात कळताच एकही गाडीवान त्यांना बसवून घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, या अटीवर एक जण कबूल झाला. खिशात पैसे असूनही माणसाला माणूस म्हणून जागा मिळत नाही, हे त्या पोरानं तेव्हाच अनुभवलं.

शिक्षण आणि घरातली ओढाताण

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. कॉलेजसाठी पैसे नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी वडील गेले, आणि त्याच साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. नंतर लंडन. पदव्यांची यादी मोठी आहे, ती आपल्याला शाळेपासून पाठ असते.

त्या काळात इकडं मुंबईत रमाबाई फार ओढग्रस्तीत घर चालवत होत्या. या दांपत्याला पाच मुलं झाली. त्यातले यशवंत तेवढे जगले, बाकी चारही लहानपणीच गेली. १९३५ मध्ये रमाबाईही गेल्या. गरिबीत बाळंतपण आणि मुलांचं आजारपण काय असतं, हे बाबासाहेबांनी घरातच सोसलं होतं.

बाळंतिणीचा भत्ता

१९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. दुसऱ्या वर्षी तिथं कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचं विधेयक आलं. त्या वेळी बाई दिवस भरेपर्यंत काम करायची. सुट्टी घेतली की मजुरी बुडायची, म्हणून ओली बाळंतीण लवकर कामावर परतायची.

बाबासाहेबांनी या विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. बायांच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, म्हणून मालकानंही आपला वाटा द्यावा, असंही त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. अशा प्रकारचा देशातला तो पहिला कायदा.

मजूर खात्याची चार वर्षं

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा त्यांनी १९४३ मध्ये दुरुस्त करून घेतला. त्याच वर्षी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडं सोपवलं गेलं. त्यातूनच पुढं १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. आज ज्याला आपण ईएसआय म्हणतो, तो हाच.

सगळं मनासारखं झालं असं मात्र नाही. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारनं बायांना जमिनीखाली खाणीत उतरवण्यावरची बंदी उठवली. त्यावर टीका झाली आणि सरकारची बाजू बाबासाहेबांना मांडावी लागली. ही बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली.

मागितलं जास्त, मिळालं कमी

घटना तयार होण्याआधी, १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी एक लेखी मागणी मांडली होती. विमा सरकारच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाचा त्याच्या कमाईच्या मानानं सक्तीनं विमा उतरवावा, असं त्यात होतं. हे सारं घटनेतच पक्कं लिहावं, म्हणजे पुढच्या सरकारांना बदलता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही.

घटनेत आलं ते कलम ४१. हे एकट्या बाबासाहेबांनी लिहिलेलं नाही, त्यामागं अनेकांचे हात आहेत. त्यात बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारी मदतीचा हक्क सांगितलाय. पण सरकारच्या ऐपतीप्रमाणे, अशी अट आहे. शिवाय हे मार्गदर्शक तत्त्व आहे, नुसतं तेवढ्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. तेव्हा सभागृहात अनेकांनी विचारलं, की मग उपयोग काय? बाबासाहेबांचं उत्तर असं होतं, की सत्तेवर कुणीही येवो, त्याला ही तत्त्वं डावलून चालणार नाही. डावललं तर निवडणुकीत मतदारांपुढं जाब द्यावा लागेल.

१ सप्टेंबर १९५६ रोजी सरकारी आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, सुरू झालं. त्यानंतर तीन महिन्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

आपल्या पासबुकातलं कलम

राज्यात संजय गांधी निराधार योजना १९८० मध्ये आली. केंद्रानं १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तो कलम ४१ चाच दाखला देऊन. त्यातला केंद्राचा वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा ६० ते ७९ वयाला अजून २०० रुपयेच आहे, ८० नंतर ५००. राज्य आपली भर घालतं. राज्यानं २०२३ मध्ये निराधारांची रक्कम १००० वरून १५०० केली. ऐपतीप्रमाणे या एका शब्दाचा अर्थ इथं पासबुकात दिसतो.

म्हणून पैसे थांबले तर गप्प बसू नका. हयातीचा दाखला दिलाय का, आधार बँक खात्याला जोडलंय का, हे आधी बघा. तरी पैसे येत नसतील तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आणि मत मागायला दारात येणाऱ्याला या २०० रुपयांबद्दल जरूर विचारा. बाबासाहेबांनी जाब विचारायची हीच जागा सांगितली होती.