देवाचे मित्र : रेव्हरंड नारायण वामन टिळक

पवित्र शास्त्रात अब्राहामास देवाचा मित्र हे नाव मिळाले आहे. मोशेचेही देवाशी बोलणे मित्रांप्रमाणे समोरासमोर होत असे. आणि प्रभु येशूने तर आपल्या शिष्यांस दासांच्या पंक्तीतून उठवून मित्रांच्या पंक्तीस बसविले. कारण पित्याकडून जे त्याला कळले त्यातले काहीही त्याने त्यांच्यापासून लपविले नाही. आपल्या कुही, मांढळ, वेलतूर ह्या बाजूच्या मंडळ्यांत देवाला मायबाप म्हणणे सर्वांस सहज जमते. धनी म्हणणेही जमते. मित्र म्हणताना मात्र जीभ अडखळते. धन्यापुढे मनुष्य हात जोडून उभा राहतो आणि मनातले मनातच ठेवितो. पीक बुडाले, पोर दगावले, मागणे व्यर्थ गेले असे वाटले, तरी तो प्रार्थनेत ठरलेली चार वाक्ये म्हणून उठतो. आलेली शंका पाळकापासून लपविली तर ते एक वेळ समजते. पण ती तो देवापासूनही लपवू पाहतो. अशा वाचकांपुढे आज रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र ठेवावेसे वाटते. त्यांची गीते आपण उपासनेत गातो. पण त्यांच्या आयुष्यातील मोठे वळण आपल्याच भागात, नागपुराहून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीत आले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. (लोकमान्य बाळ गंगाधर टिळक ते निराळे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याकडचे चित्पावन ब्राह्मण, म्हणून नावाचा घोटाळा होतो.)

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे झाला. वडील कडक स्वभावाचे. आई जानकीबाई प्रेमळ व कवितेची आवड असलेली. ती लहानपणीच गेली आणि मुलाचे घरावरील मन उडाले. पुढे नाशकास राहून त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई ठेविले. मुलीच्या बापाचे सोवळे इतके कडक की, बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही. अशा घरची मुलगी, आणि नवरा असा की, एका गावी फार दिवस टिकावयाचा नाही. टिळक शाळामास्तर झाले, पुराण सांगू लागले, कीर्तने करू लागले, कविता तर करीतच होते. मनात आले की घर सोडून निघून जात. हातात पैसा राहत नसे. कोणी मागितला की देऊन टाकीत. स्वभाव तापट. हे येथे सांगण्याचे कारण, देवाचा मित्र म्हटला म्हणजे जन्मापासूनच शांत व निर्दोष असला पाहिजे अशी आपल्यांपैकी कित्येकांची समजूत असते.

१८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. तेथील श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक ग्रंथांचे काम केले व ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. ह्या काळात त्यांच्या मनास एका गोष्टीची मोठी तळमळ लागली होती. आपला देश खाली का गेला? जातिभेदाने लोक एकमेकांपासून तुटले आहेत. त्यांस एकत्र आणील असा धर्म कोठे आहे? शास्त्रे पाहिली, तत्त्वज्ञान पाहिले, आणि कोठेही समाधान न होता शेवटी, आपणच एक नवा धर्म काढावा, असे त्यांनी मनाशी योजिले. हा गर्व होता असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. तहानलेल्या मनुष्याला गावात पाणी मिळाले नाही, तर तो स्वतः विहीर खणू लागतो, तसे ते होते.

१८९३ साली ते नागपुराहून राजनांदगावास नोकरीसाठी निघाले. तेव्हा ते बैरागी राजांचे संस्थान होते. आज ते छत्तीसगड राज्यात आहे. कामठी, भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड ह्या वाटेने जाणारी ती आगगाडी. डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ होता. त्याने सभ्यपणे बोलणे काढले, आणि गोष्टी संस्कृत कवितेपासून धर्मापर्यंत आल्या. निघताना त्याने टिळकांस नव्या कराराचे पुस्तक दिले, ते वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांस हे मुळीच रुचले नाही. परंतु दिलेले वचन मोडावयाचे नाही म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. लक्षात ठेवण्याजोगे जे दिसेल त्यास पेन्सिलीने खूण करीत जावे असे ठरविले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते पोहोचले, आणि तेथून त्यांचे मन हलेना. जे प्रश्न त्यांस थोर थोर ग्रंथांत सुटले नव्हते, त्यांची उत्तरे त्यांस त्या तीन अध्यायांत सापडली.

येथे आपल्या उपदेशक बंधूंनी थोडे थांबावे. आपण पुस्तके वाटतो, आणि आठवड्यात फळ दिसले नाही म्हणजे निराश होतो. त्या प्रवाशाने एक पुस्तक दिले व आपल्या वाटेने गेला. त्याचे नावही टिळकांस ठाऊक नव्हते.

पुढची दोन वर्षे फार कठीण गेली. टिळकांनी आपल्या शंका मारून टाकल्या नाहीत. मुंबईच्या डॉ. अ‍ॅबट ह्या मिशनरींशी, प्रथम आपले नाव प्रकट न करता, त्यांनी पत्रव्यवहार केला आणि जे जे खटकत होते ते ते विचारले. ख्रिस्ताला प्रार्थना करू लागल्यावरही त्याच्या पुढ्यात त्यांनी आपण आहोत त्याहून अधिक विश्वासी असल्याचे सोंग केले नाही. नवविधा भक्तीत सख्यभक्ती म्हणून एक भक्ती आहे, हे संस्कृत शिकलेल्या टिळकांस बालपणापासून माहीत होते. अर्जुनाचे व कृष्णाचे सख्य त्यांच्या कीर्तनाचाच विषय. ते सख्य आता त्यांस येशूच्या ठायी सापडू लागले. देवापुढे त्यांचे मन उघडे झाले होते. लोकांपुढे मात्र ते झाकलेले होते. जात, आप्त, ब्राह्मणाचा मान, आणि सर्वांत मुख्य म्हणजे बायको व चिमुकला दत्तू ही सर्व पलीकडच्या पारड्यात होती. आपल्याकडेही अंतःकरणाने येशूला मानणारे, पण सोयऱ्यांच्या भयाने देवळाचा उंबरठा न चढणारे लोक आहेत. मी त्यांस हसत नाही. टिळकांसारख्या मनुष्यास दोन वर्षे लागली. परंतु एका मित्राचे नाव चारचौघांत घेण्याची लाज वाटत राहिली तर एकांतातले बोलणेही हळूहळू खोटे होऊ लागते, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि तेव्हा मग त्यांनी विलंब केला नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा देशी पाळकाच्याच हातून व्हावा असा त्यांनी आग्रह धरिला, व तो तसा झाला. आगगाडीतील भविष्य दोन वर्षांच्या आतबाहेर खरे ठरले.

आता विश्वासूपणाची परीक्षा सुरू झाली. लक्ष्मीबाई त्या वेळी नाशकाकडे आपल्या माणसांत होत्या. बातमी ऐकून त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत आणि तरीही नाही, अशी त्यांची अवस्था झाली. दत्तूला घेऊन त्या पुढे पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास, बायको नांदावयास येत नसल्यास, कोर्टाकडून विवाहबंधन सोडवून घेण्याची मोकळीक होती. टिळकांनी ती वाट धरिली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. चार-साडेचार वर्षे गेली. ज्या देवाने दोन वर्षे आपल्या शंकांची वाट पाहिली, त्याच्या मित्राने आपल्या बायकोस किती घाई करावी?

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) तेथे डॉ. ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवीत होते. त्या आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच आल्या. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी हे सर्व चालू दिले. तापट मनुष्याने हे केले, हे लक्षात ठेवावे. ख्रिस्ती मनुष्याच्या घरी ब्राह्मणी चूल पाहून तेव्हाच्या मंडळीतील लोकांस काय वाटले असेल ते आपण मनात आणू शकतो. आपल्यांपैकी कोणा उपदेशकाने असे चालू दिले असते तर पंच मंडळींनी त्यास जाब विचारला असता. पण जबरदस्तीने तोंडी घातलेला घास पोटात ठरत नाही. राहुरीस दुष्काळातील पोरक्या मुलांचे काम चालले असता, जात ही देवाने केलेली नसून मनुष्याने केलेली आहे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने आपले आपणच घेतले. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यास आरंभ केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१९०४ साली टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्यांच्या सेवेचे सर्व प्रकार येथे सांगत बसत नाही. १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी भाग १९१२ पासून त्यांच्या हाती आला. फुलामुलांचे कवी म्हणून हिंदू समाजातही त्यांचे नाव झाले. बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. पण आपल्या मंडळ्यांवर त्यांचे खरे उपकार आहेत ते गीतांचे. त्यांच्या आधी आपले लोक बहुतेक परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरे गात. अर्थ बरोबर, पण ते बोलणे पाहुण्याचे वाटे, घरच्या माणसाचे नव्हे. मित्राशी कोणी उसन्या भाषेत बोलत नाही. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सारे प्रभूच्या सेवेस लाविले. त्यात त्यांनी येशूला आई म्हटले, गुरु म्हटले, सखा म्हटले; आनंद सांगितला, तसे रडणे व रुसणेही सांगितले.

तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते उघड सांगत. ह्यावरून काही ख्रिस्ती लोकांस त्यांच्याविषयी संशय येई. आंभोऱ्यास वैनगंगेवर आता पूल झाला आहे; त्यावरून भंडाऱ्याकडे गेलेला मनुष्य पुलाचे आभार मानतो, म्हणून तो अलीकडेच राहिला असे कोणी म्हणत नाही. टिळक आपले पूर्वीचे ऋण लपवीत नव्हते, इतकेच.

१९१७ साली त्यांनी एक पाऊल असे उचलले की, मित्रही चकित झाले. वय पंचावन्न. मिशनचा ठराविक पगार त्यांनी सोडला, संन्याशाच्या वृत्तीने राहण्याचे ठरविले, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ख्रिस्तास गुरु मानणाऱ्या सर्वांचे हे बंधुमंडळ. त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले दोघेही येऊ शकत. मिशनरींशी वैर त्यांनी धरिले नाही. परंतु परक्याच्या पैशावर उभी असलेली मंडळी देशाच्या मनात शिरणार नाही, ही आपली समजूत त्यांनी झाकूनही ठेविली नाही. बाप्तिस्म्याविषयी त्यांनी इतकी सूट द्यावी हे मला स्वतःला पटत नाही. ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व सोडले त्याने ते दार इतरांसाठी अर्धवट उघडे का ठेवावे? तरी त्यांच्या मनात भित्र्यांची सोय करावी असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दोन वर्षे दाराबाहेर उभे राहून आतल्या मित्राशी बोलत असल्याची आठवण त्यांस होती, आणि तसे उभे असलेल्यांस हाक मारावी असे त्यांस वाटले.

दरबारास फार दिवस लाभले नाहीत. प्रकृती ढासळली व ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या चरित्राचे काव्य आरंभिले होते. त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. पुढचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेत न गेलेली, लग्नानंतर अक्षर शिकलेली ती बाई वर्षानुवर्षे ते काव्य रचीत राहिली. १९३६ साली त्यांचा अंत झाला तोपर्यंत पुष्कळ अध्याय झाले होते. त्यांतील बहुतेक ह्या, एके काळी नवऱ्याच्या चुलीपासून आपली चूल निराळी ठेवणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या हातचे आहेत.