अनातेव्का उभे करणारे बोरिस आरोनसन

‘फिडलर ऑन द रूफ’ हे नाटक किंवा त्यावरचा चित्रपट आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. १९६५ साली तेल-अवीवला ते हिब्रूतही झाले. तेव्ये दूधवाला सर्वांच्या ओळखीचा. परंतु त्याचे अनातेव्का गाव रंगमंचावर प्रथम ज्यांनी वसवले, त्या नेपथ्यकार बोरिस आरोनसन यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. म्हणून या अंकी त्यांचा परिचय करून देत आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कीव्ह येथे एका रब्बीच्या घरी त्यांचा जन्म झाला. नामवंत चित्रकर्त्री अलेक्झांड्रा एक्स्टर यांच्या हाताखाली ते शिकले. हुबेहूब भिंती व झाडे मांडण्यापेक्षा रंग आणि आकार यांतून नाटकाचा आशय दाखवावा, हा धडा त्यांना तेथे मिळाला. १९२२ मध्ये ते बर्लिनला गेले व तेथे त्यांनी चित्रकार मार्क शागाल यांच्यावर पुस्तक लिहिले. हे पुस्तक वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९२३ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि यिद्दिश रंगभूमीवर काम करू लागले. १९२६ साली मॉरिस श्वार्ट्झ यांच्या ‘दहावी आज्ञा’ या नाटकाच्या नेपथ्याने त्यांचे नाव झाले. पुढे ते ब्रॉडवेवर गेले. तेथे मात्र ते कोणा एका कंपनीचे पगारी नोकर नव्हते. मिळेल ते नाटक करावे, ते पडले की सेट मोडीत निघावा आणि पुन्हा नवे काम शोधावे, असा हा धंदा! मोठी संगीत नाटके बहुधा जो मील्झिनर, ऑलिव्हर स्मिथ अशांकडे जात. तरी १९५५ मध्ये ‘द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक’साठी त्यांनी लपण्याच्या साऱ्या खोल्या एकाच वेळी प्रेक्षकांसमोर उघड्या ठेवल्या, आणि मागे अ‍ॅमस्टरडॅमची छपरे. लपलेल्यांना बाहेरचे जग इतके जवळ आणि तरीही बंद, हे शब्दावाचून कळावे, अशी ती मांडणी आम्हांला वाटते.

१९६४ मध्ये दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांना ‘फिडलर’साठी खुद्द शागाल हवे होते. शागाल यांनी नकार दिला. मग काम आले ते चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या आरोनसन यांच्याकडे! त्यांनी फिरता रंगमंच योजला. तेव्येचे घर वळे आणि आतली खोली दिसे. सभोवार आभाळात तरंगणारी चिमुकली घरे. सारे गाव जणू एका वर्तुळात नांदते, आणि शेवटी हद्दपारीचा हुकूम आला की ते वर्तुळ फुटते. १९७२ पर्यंत ३,२४२ प्रयोग झाले. नवल म्हणजे या नेपथ्याला टोनी पारितोषिक मिळालेच नाही.

ती कसर पुढे भरून निघाली. १९६६ च्या ‘कॅबरे’त त्यांनी रंगमंचावर मोठा कलता आरसा टांगला. नाझींच्या उदयकाळचे बर्लिन पाहता पाहता प्रेक्षकांना त्यात आपलीच तोंडे दिसत. त्या शहरात ते स्वतः राहिले होते, हे विसरता येत नाही. आयुष्यातील सहा टोनींपैकी पाच त्यांना पासष्टी उलटल्यावर मिळाले. शेवटचे १९७६ मध्ये, जपानवरील ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’साठी. नोव्हेंबर १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

न्यूयॉर्कचा तो मूळ ‘फिडलर’ आपल्यापैकी कोणी पाहिला असल्यास आम्हांला जरूर लिहून कळवावे.